धाकटीची बिनआवाजाची गाडी

ती उताणी पडली होती. डोकं धुण्याच्या दगडाच्या कडेवर, डावा पाय गाडीखाली. गाडीचं मागचं चाक हवेत फिरत होतं आणि त्याला आवाज नव्हता. तिच्या कानामागून रक्त आलं आणि दगडावरच्या साबणाच्या पाण्यात मिसळलं. डोळे अर्धे उघडे होते, पण ती बघत नव्हती.

आतून तिची लेक मोबाइल घेऊन आली. फोटो काढायला म्हणून आणलेला मोबाइल. तिनं आईकडे पाहिलं, मग माझ्याकडे. माझा उजवा हात अजून वर होता, मूठ आवळलेली. मी हात पदराखाली घेतला.

"काय झालं, मोठी आई?"

"गाडी आपोआप सुटली," मी म्हणाले.

ते खोटं होतं. ते खोटं मी तीन दिवस सांभाळलं.

खाली पडलेली ती माझी धाकटी जाऊ. आम्ही दोघी जळकोटकडच्या एकाच घरात सुना म्हणून आलो, मी तिच्या चार वर्षं आधी. मी चौथी शिकलेली, ती सातवी. घरात कुणाची चिठ्ठी आली की सासरे तिला हाक मारायचे. मलाही वाचता येत होतं, पण मला कुणी विचारलं नाही. ती ओट्यावर उभी राहून मोठ्यानं वाचायची आणि मी आत पीठ मळत तेच ऐकायची. एवढ्यावरून माणूस आयुष्यभर कुढत नाही, असं कुणी म्हणेल. मी कुढले.

पुढं माझ्या नवऱ्याला नांदेडला नोकरी लागली आणि दिराला लातूरला. घरं वेगळी झाली. मला वाटलं होतं, लांब गेल्यावर हे कमी होईल. तसं होत नाही. जवळ असताना निदान तिची करपलेली भाकरी तरी दिसायची. लांबून फक्त चांगलं तेवढं कानावर येतं. तिची लेक शिकली, मास्तरीण झाली. माझा मुलगा बारावीला दोनदा बसला.

दीर एक दिवस जेवता जेवता गेला. मी लातूरला जाऊन तेरा दिवस राहिले, रडले, तिच्या हातातल्या बांगड्या काढल्या तेव्हा तिला धरून बसले. परत येताना एसटीत खिडकीला डोकं टेकलं आणि मनात आलं, आता हिला कुणी पाणी मागणार नाही. हे लिहायला बरं वाटत नाही, पण आलं ते आलं. माझा नवरा आहे. तो पलंगावर बसून टीव्ही बघतो आणि पाणी मागतो. माठ त्याच्या हाताच्या अंतरावर आहे.

दीर गेल्यावर धाकटीनं डबे सुरू केले. लातुरात बाहेरगावची मुलं-मुली क्लासला येतात, खोल्या करून राहतात, त्यांना दोन वेळचं घरचं जेवण लागतं. हिचा हात चवीचा. डबे वाढत गेले. जवळचे डबे ती दोन्ही खांद्यांना पिशव्या अडकवून पायी पोचवायची, लांबचे एका ऑटोवाल्याकडून. ऑटोवाला कधी वेळेवर यायचा नाही. आला की दारात धूर सोडत उभा राहायचा आणि डबे पोचेपर्यंत वरण गार. मुली तक्रार करायच्या. हिचे खांदे उतरले होते. ते मला माहीत होतं आणि मला त्याचं फार वाईट वाटत नव्हतं.

माझ्याकडचं सांगायचं तर आमची नांदेडची गल्ली अरुंद आहे. दोन मोटारसायकली समोरासमोर आल्या की एकीला मागं जावं लागतं. माझ्या मुलाची मोटारसायकल गल्लीत सगळ्यांत जुनी. सकाळी तो ती दारात चालू करून ठेवतो, तापायला, आणि स्वतः आत दाढी करतो. धूर सगळा स्वयंपाकघरात येतो. चाळीस वर्षं चुलीपुढं खोकले, मग गॅस आला, मग मुलानं दारात हे आणून उभं केलं. छातीत घरघर वाढली तेव्हा डॉक्टरनं सांगितलं, आजी, धुरापासून लांब राहा. डॉक्टरकडे मुलगा मला त्याच मोटारसायकलवर बसवून घेऊन गेला होता.

आणि मला कुठं जायचं असेल तर त्याला सवड पाहिजे. "आई, इतवारी जाऊ," म्हणतो. इतवार येतात आणि जातात. सून म्हणते, ऑटोनं जा की. ऑटो कोपऱ्यावर मिळतो, कोपऱ्यापर्यंत गुडघे जात नाहीत. म्हणून मी बहुतेक घरातच असते.

अशात धाकटीचा फोन आला.

"अक्का, गाडी घेतली."

"लेकीनं?"

"लेकीनंच, पण माझ्यासाठी. डब्याला. बॅटरीची हाय. लायसन लागत न्हाई म्हणे, हळू पळती."

"तुला सायकल तरी येती का?"

"लहानपणी भावाची चालवली व्हती. आता शेजारणीच्या गाडीवर आठ दिवस शिकले, मैदानात. दोनदा पडले."

"आन् लाईट गेली तर काय करशील? चुलीवर तापवशील गाडी?"

ती हसली. तिला टोमणा लागतच नाही, हा तिचा मोठा दोष आहे. म्हणाली, "तुमी या. पूजा तुमच्या हातची पाहिजे. घरात सवाष्ण दुसरी कोन हाय?"

फोन ठेवला आणि मी भांडी घासायला बसले. नवरा पलंगावरून म्हणाला, "कुनावर राग काढून राहिलीस? कढईचं बूड जाईल."

साठी उलटलेली बाई गाडी चालवणार. कुणाला विचारायचं नाही, कुणाची सवड बघायची नाही. दार उघडायचं आणि निघायचं. नवी साडी, दागिना, लेकीची नोकरी हे सगळं मी बघून घेतलं होतं. पण हे मला गिळता येईना. मी दोन दिवस नीट जेवले नाही. सुनेला वाटलं, पित्त झालं.

तरी गेले. नाही गेले असते तर लोक म्हणाले असते, थोरलीला बघवलं नाही. लोहा, अहमदपूर करत एसटीनं दुपारी लातूरला पोचले. गाडी अंगणात उभी होती, मोरपंखी रंगाची, आरशांना अजून प्लास्टिक. मी जवळ जाऊन वास घेतला. गाडीला पेट्रोलचा वास असतो, घरातल्या कपड्यांनाही तो लागतो. हिला काहीच वास नव्हता. नव्या बादलीचा येतो तेवढा. स्वयंपाकघराच्या खिडकीतून एक वायर काढून तिला लावली होती, मोबाइलला लावतात तशी.

संध्याकाळी गल्लीतल्या बाया बघायला आल्या. पूजा झाल्याशिवाय गाडी फिरवायची नाही, म्हणून धाकटी नुसती वर बसून दाखवत होती. पाय ठेवायच्या जागेत डब्यांची पिशवी कशी बसते, ब्रेक कुठं, दिवा कुठं.

एक म्हातारी म्हणाली, "आता तू काय बाई, उडनार."

"उडत न्हाई हो, रांगती," धाकटी म्हणाली. सगळ्या हसल्या.

"धूर कुठून निघतो?"

"निघतच न्हाई."

"मग कळतं कसं, चालू हाय का बंद?"

"हितं हिरवा दिवा लागतो. लागला की चालू."

मी तेव्हा आत होते, चहा गाळत. हिरव्या दिव्याचं बोलणं माझ्या कानावर आलं होतं. पण बायांच्या हसण्यात मी ते धरून ठेवलं नाही. तिचं काही धरून ठेवायचं नाही, असं ठरवूनच बसले होते. मी बाहेर आले तेव्हा ती मला म्हणाली, "अक्का, बसून बघता का?" मी म्हणाले, "मला काय करायचंय." खरं तर मला बसायचं होतं.

सकाळी पूजा. लेकीनं गाडी स्टँडवरून काढून रस्त्याकडे तोंड करून लावली, बाजूच्या छोट्या स्टँडवर. तिच्या पुढं तीन-चार हातांवर, जरा कडेला, धुण्याचा दगड आणि पाण्याची टाकी. मी हळद-कुंकू लावलं, पुढं स्वस्तिक काढलं, आरशांना हार घातला. नारळ फोडला. लेक म्हणाली, "थांबा, फोटो काढू. दिवा लावते, फोटोत चांगला दिसतो." तिनं किल्ली फिरवली, पुढचा दिवा लागला. मग मोबाइल आत राहिला म्हणून ती आत गेली.

आता चाकाखाली लिंबू ठेवायचं राहिलं होतं. नवी गाडी लिंबावरून नेतात, नजर लागू नये म्हणून. धाकटी म्हणाली, "तुमचे गुडघे दुखतेत, मी ठेवते." आणि ती पुढच्या चाकापुढं उकिडवी बसली.

मी हॅन्डलपाशी उभी होते. समोर हिरवा ठिपका होता. मला वाटलं, शोभेचा आहे. आमच्याकडे गाडी चालू आहे की बंद हे बघायचं नसतं, ऐकायचं असतं. गल्लीच्या टोकाला मुलाची गाडी आली तरी मी आतून ओळखते. किक मारल्याशिवाय, फटफट केल्याशिवाय गाडी चालू होते, हे माझ्या डोक्यात कधी शिरलंच नव्हतं. ही गाडी गप्प होती. म्हणजे बंद होती.

कुणी बघत नव्हतं. मी उजव्या हातानं हॅन्डलची मूठ धरली. रबर मऊ होतं. बंद गाडीवर बसून लहान पोरं तोंडानं ढुर्र करतात आणि मूठ पिळतात, तसं मला एकदा पिळून बघायचं होतं. एवढंच. मी पिळली. चांगली पूर्ण पिळली, कारण अर्धं काही करायची मला सवय नाही.

धाकटी समोर होती हे मला दिसत होतं. पुढं पुष्कळ वेळा मी स्वतःला हे विचारलंय. दिसत होतं. पण गाडी बंद होती, माझ्या हिशेबानं.

गाडी जागची अशी सुटली की माझा हात सुटायच्या आत ती धाकटीला ढकलत घेऊन गेली होती.

शेजारच्या माणसानं आणि लेकीनं मिळून गाडी उचलली. ऑटो आला. धाकटीचं डोकं माझ्या मांडीवर, पाय लेकीच्या. सिग्नलला थांबलो तर चारी बाजूंनी गाड्या घुरघुरत होत्या, ऑटोत धूर भरला. मी तिच्या नाकावर पदर धरला. लेक म्हणाली, "मोठी आई, तिला बोलत ठेवा, झोपू देऊ नका."

मला तिच्याशी काय बोलावं ते सुचेना. इतक्या वर्षांत मी तिच्याशी गोड बोललेच नव्हते. मग शिव्याच दिल्या. म्हटलं, "ऊठ गं भवाने, डबे कोन करनार? नाटकं करून राहिलीस का?" लेकीनं माझ्याकडे बघितलं. धाकटी एकदा कण्हली. मग तेही थांबलं.

डॉक्टर म्हणाले, "डोक्यात रक्त साचलंय, पण थोडं आहे. वाढलं तर ऑपरेशन करावं लागेल, आणि वयामानानं त्यात धोका आहे. नाही वाढलं तर शुद्ध येईल. दोन-तीन दिवस काहीच सांगता येत नाही." पाय दोन ठिकाणी मोडला होता. त्याचं नंतर बघू म्हणाले.

लेक दवाखान्यातून हलेना. मी विचारलं, डब्यांचं काय. ती म्हणाली, बंद ठेवू. मी म्हटलं, पोरी उपाशी बसतील, मी करते. कामात हात गुंतलेला बरा असतो. आणि दवाखान्यात बसले असते तर लेकीनं पुन्हा विचारलं असतं.

तिच्या स्वयंपाकघरात मी पहिल्यांदाच एकटी उभी राहिले. सगळं हाताशी. मसाल्याच्या डब्यांवर तिनं चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या, तिच्या सातवीच्या अक्षरात. मी पहाटे उठून भाकरी थापल्या, वरण केलं, भाजी केली. मुलींना निरोप दिला होता की डबे येऊन न्यावे लागतील. त्या आल्या, दारात चपला काढून उभ्या राहिल्या. अंगणात गाडी भिंतीला टेकवलेली होती, पुढचा दिवा फुटलेला, हार वाळलेला. त्या तिच्याकडे बघत आणि मग माझ्याकडे.

"आजी, मावशी कशा आहेत?"

"हायत तशाच."

"शुद्धीवर आल्या का?"

"न्हाई अजून."

एकीनं डबा उघडून वास घेतला. दुसरीनं तिला कोपरानं ढोसलं. तिसऱ्या मुलीनं धीर करून सांगितलं, "आजी, काल रात्रीच्या भाजीत मीठ जरा जास्त होतं. मावशींची भाजी..." आणि ती थांबली.

"मावशींची भाजी काय?"

"काही नाही. छान असते."

ती बाई तिकडे मरणाच्या दारात पडलेली, आणि तरी तिची भाजी माझ्याहून चांगली. मला राग आला. मग त्या रागाची लाज वाटली. पण लाज पुरली नाही. दुसऱ्या दिवशी मी मीठ मोजून घातलं आणि मुलींच्या तोंडाकडे बघत उभी राहिले.

दवाखान्यात तिला बघायला इतकी माणसं आली की वॉचमन ओरडला. गल्लीतल्या बाया, भाजीवाली, क्लासच्या मुली, मुलींचे आईबाप. मला छातीसाठी नांदेडला दवाखान्यात ठेवलं होतं, तेव्हा मुलगा येऊन जाऊन होता आणि सून एकदा डबा घेऊन आली होती. मी त्या गर्दीत बाकावर बसून माणसं मोजली.

सगळ्यांच्या तोंडी एकच. बॅटरीच्या गाड्यांचं काही खरं नाही. आपोआप सुटतात. आवाज न करता येऊन माणसाला घेऊन जातात. एक बाई म्हणाली, तिच्या मुलानं असलीच गाडी बघून ठेवली होती, आता नको म्हणाला, पेट्रोलचीच घेणार. मी ऐकत बसले. एका खोट्यातून इतकी माणसं शहाणी होत होती. माझ्यामुळं गल्लीत आणखी एक धूर सोडणारी गाडी येणार, हे मला कळत होतं. मी पदरानं तोंड पुसलं.

नवऱ्याचा फोन आला. "कधी येतीस?"

"ती शुद्धीवर आली की."

"आन् न्हाई आली तर?"

मी फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी लेक अंघोळीला घरी आली, तेव्हाच दुकानाचा मेकॅनिक आला. तिनं फोनवर त्यांना फार बोलून घेतलं होतं, गाडी उचलून न्या म्हणाली होती. त्यानं गाडी सरळ केली, किल्ली फिरवली, चाक उचलून मूठ पिळली. चाक फिरलं. सोडली, थांबलं. दहा वेळा केलं.

"ताई, गाडीत काहीच दोष नाही. ही आपोआप सुटत नाही. किल्ली चालू असंल आणि कुणी रेस पिळली असंल, तरच सुटते."

लेक ओट्यावर खाली बसली. "किल्ली मीच चालू ठेवली होती," ती म्हणाली. "फोटोसाठी."

"आणि रेस?"

"रेस कोण पिळणार? मोठी आई तिथं होती, ती तर गाडीला हात लावत नाही." मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "मीच मारलं आईला. किल्ली मी ठेवली."

मी दारात परात घेऊन उभी होते. सांगायची वेळ तीच होती. मी सांगितलं नाही. आत गेले आणि पिठात जास्त पाणी घातलं. ते पीठ वाया गेलं. लेक बाहेर मेकॅनिकला सांगत होती, गाडी परवा घेऊन जा, मला ती अंगणात बघवत नाही. तो बरं म्हणाला.

तिसऱ्या दिवशी सकाळी मुलींचे डबे देऊन मी दवाखान्यात पोचले, तर लेक कॉरिडॉरमध्येच उभी. मला वाटलं, गेली. धाकटी मेली तर आपल्याला सुटल्यासारखं वाटेल की काय, अशी मला तीन दिवस भीती होती. तसं वाटलं नाही.

"डोळे उघडले," लेक म्हणाली. "मला ओळखलं. रक्त वाढलेलं नाही म्हणाले."

आम्ही दोघी आत गेलो. धाकटी बारीक झाली होती. डोक्याला पट्टी, पायाला वजन बांधलेलं. तिनं माझ्याकडे बघितलं आणि ओठ हलवले. मी वाकले.

"डबे?"

"मी केले. मीठ बरोबर व्हतं."

मग ती लेकीला म्हणाली, "गाडीला लागलं का?"

लेकीनं सांगितलं, "आई, ती परत देऊन राहिले मी. उद्या घेऊन जातील. तू बरी हो, आपण ऑटो लावू पहिल्यासारखा."

धाकटीच्या डोळ्यांतून पाणी आलं. दीर गेला तेव्हा ती रडली होती, पण सगळ्यांबरोबर, आवाज करून. हे वेगळं होतं. ती तोंड भिंतीकडे फिरवत होती आणि मानेला पट्टा असल्यामुळं तिला फिरवता येत नव्हतं. म्हणून ती आमच्यासमोरच रडली. तिला रडणं लपवायला जागा नव्हती.

मला तेव्हा दिसलं की मला जे पाहिजे होतं ते आता होणार आहे. गाडी जाणार. ती पुन्हा खांद्यावर पिशव्या घेणार, तेही एका पायानं. ऑटोवाल्याची वाट बघणार, जशी मी इतवाराची बघते. आम्ही सारख्या होणार. त्यासाठी मला काहीच करायचं नव्हतं. फक्त गप्प बसायचं होतं.

"गाडी देऊ नको," मी लेकीला म्हणाले. "गाडीत काही न्हाई. मी पिळली."

"काय पिळली?"

"मूठ. रेस. तू आत गेलीस तवा. मला वाटलं बंद हाय."

लेकीनं खाटेचं लोखंड धरलं. मग म्हणाली, "तीन दिवस." एवढंच.

"हाव," मी म्हणाले. "तीन दिवस."

"मी किल्ली ठेवली म्हणून मी रात्रंदिवस..." ती बाहेर गेली.

खाटेवरून धाकटी म्हणाली, "मला दिसला व्हता तुमचा हात. खालून."

"मंग सांगितलं का न्हाईस?"

"शुद्ध कुठं व्हती मला?"

मला हसू आलं, आणि त्या जागी हसणं बरं दिसत नव्हतं. तिनं डोळे मिटले. वाटलं, झोपली. मग मिटल्या डोळ्यांनी म्हणाली, "अक्का, पिळायचीच व्हती तर वर बसून तरी पिळायची."

तिनं मला शिव्या दिल्या असत्या तर सोपं झालं असतं. ती तेवढंही माझ्यासाठी करत नाही. तिचं हे चांगलं असणं मला कधी सहन झालं नाही, त्या दिवशीही झालं नाही. मी म्हणाले, "गप पड. डॉक्टरनं बोलू नको म्हटलंय." डॉक्टरनं तसं काही म्हटलं नव्हतं.

मी दोन महिने लातुरात राहिले. पायात सळई घातली, ती भिंत धरून चालायला लागली, तोवर डबे मी केले. माझ्या घरी मुलगा भाकरी विकत आणायचा आणि नवऱ्याला पाणी सून द्यायची. जमलं त्यांचं. इतकी वर्षं जमणार नाही असं मला वाटत होतं.

गल्लीतल्या बायांना मी स्वतः सांगितलं, एकेकीला, की गाडीचा दोष नाही, माझ्या हाताचा आहे. काहींनी ऐकून घेतलं. काहींनी माझ्या पाठीमागं म्हटलं की थोरलीनं मुद्दाम केलं, तिला बघवलं नाही. मी कुणाशी भांडायला गेले नाही. बघवलं नव्हतं हे खरंच होतं. मुद्दाम केलं नव्हतं, हेही खरं आहे, पण दोन्ही गोष्टी एका तोंडानं सांगितल्या तर कुणी दुसरी मानत नाही.

लेक माझ्याशी कामापुरतं बोलते. मोठी आई म्हणते, पाया पडते, ताटात वाढते. पण मी तिच्या आईच्या मागं उभी राहिले की ती हातातलं काम सोडून बघते. तिचं चूक नाही.

धाकटी आता गाडी चालवते. डावा पाय थोडा आखूड झालाय, पण त्या गाडीला पायाचं काम नाही, सगळं हातात आहे. पायी पिशव्या न्यायला ती आता जन्मात उभी राहू शकली नसती. डबे गरम पोचतात. दोन मुली तर म्हणतात, मावशी आल्या की कळतच नाही, एकदम दारात दिसतात. म्हणून तिनं हॅन्डलला एक छोटी घंटी बांधून घेतली. ती मला शिकवते म्हणाली होती, मैदानात, हळूहळू. मी नको म्हटलं. गुडघ्यांचं कारण दिलं. मला तिच्याकडून शिकायचं नाही.

नांदेडला परत आल्यावर मी मुलाला एकच सांगितलं, गाडी दारात तापवायची नाही, गल्लीच्या तोंडाशी नेऊन तापव. तो कुरकुरला, पण नेतो. खोकला थोडा कमी आहे. सुनेनं विचारलं, काकूंच्या गाडीसारखी आपण घ्यायची का, तुम्हाला दवाखान्यात नेता येईल. मी म्हणाले, घ्या, तुमची इच्छा. अजून घेतलेली नाही.

हेवा गेला का, असं मला एकदा माझ्या बहिणीनं विचारलं. नाही गेला. परवा धाकटीचा फोन आला, ती एकटी गाडीवर बाजारात जाऊन लेकीच्या साडीला फॉल लावून आली. एवढीशी गोष्ट, आणि मला दुपारभर जेवण गेलं नाही. पण आता फोन ठेवताना मी तिला विचारते, किल्ली काढलीस का. ती म्हणते, काढली, अक्का. मग मी ठेवते.

त्या सकाळी त्या घरात आम्ही तिघी होतो, धाकटी, तिची लेक आणि मी. तिघी जिवंत आहोत.